धाकट्या जावेचा माळ

हॉलंडला जाऊन आले म्हटलं की लोक ट्यूलिपचं विचारतात. ट्यूलिप मी पाहिले, गाडीच्या खिडकीतून, आणि तेही मुंडकी छाटलेले, कारण मे महिना निम्मा सरला होता. पवनचक्की एक पाहिली, ती बंद होती. बाकीचे दिवस मी माळावर गुडघे टेकून किडे आणि कोळी पाहत होते. त्यामुळे ज्यांना कालवे, चीज आणि संग्रहालयं यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं. हे माझ्या धाकट्या जावेचं, तिच्या माळाचं आणि माझ्या जळफळाटाचं आहे.

जळफळाट हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. मी कराडला कॉलेजात निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. माझी जाऊ मृणाल बी.कॉम. लग्न होऊन घरात आली तेव्हा न्हाणीघरात झुरळ दिसलं की ओल्या केसांनी बाहेर पळायची, आणि मग मी चप्पल घेऊन आत जायची. पुढे संजयला, म्हणजे माझ्या दिराला, आइंडहोवनला नोकरी लागली. संगणकाच्या चिपा बनवायची यंत्रं असतात, त्यांचं काहीतरी काम. मृणाल डिपेंडंट व्हिसावर मागून गेली, काही दिवस घरात बसून वैतागली, आणि एके दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर तिने एका कोळ्याचा फोटो टाकला. खाली लॅटिन नाव. मला वाटलं, कुठूनतरी आलेलं पुढे ढकललं असेल. मग दर आठवड्याला एकेक यायला लागला. सासूबाई चष्मा वर करून मोबाइल बघायच्या आणि म्हणायच्या, "आपल्या मृणालला किती माहिती असते बाई." माझ्याच घरात, माझ्यासमोर, माझ्या विषयात. मी पोळ्या लाटत असायची.

तर असं सगळं मनात घेऊन मी एकटीच निघाले. ह्यांना विमानात बसायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. सोबत गूळ, मेतकूट, भाजणी आणि माझं जुनं भिंग घेतलं.

आइंडहोवन

घर टुमदार, जिना उभा. आंघोळीला जाताना मृणाल मागून म्हणाली, "वहिनी, टबच्या कोपऱ्यात एकजण आहे. तिला पाणी नका लागू देऊ हं." मला वाटलं मांजर असेल. होता कोळी. पाय पसरून निवांत बसलेला. मी मुकाट्याने अंग चोरून आंघोळ केली आणि मनात म्हटलं, बघा, झुरळाला घाबरणारी ती हीच.

तिच्या स्वयंपाकघरात मोहरी-जिऱ्याच्या डब्यांशेजारी झाकणात भिंग बसवलेल्या पारदर्शक डब्या होत्या. माळावर किडा दिसला की डबीत घ्यायचा, बघायचा, फोटो काढायचा आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा, अशी इथली रीत. मारायचं नाही, घरी आणायचं नाही. आमच्या वेळी कीटक म्हटला की क्लोरोफॉर्म, टाचणी आणि पेटी. माझ्या विद्यार्थ्यांच्या पेट्या अजून प्रयोगशाळेत असतील, पाय गळालेल्या फुलपाखरांसकट. मृणालला हे सांगितलं तर ती "अगंबाई" म्हणाली, आणि ते अगंबाई मला अजिबात आवडलं नाही.

रात्री जेवताना तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. माशीएवढा काळा कोळी, पाठ मात्र लालभडक, पाठीवर चार काळे ठिपके, पायांना पांढरी कडी. "हा नर, वहिनी. मादी जमिनीत बीळ करून राहते, वर रेशमाचं छप्पर घालते, ती कधी बाहेर येत नाही. नर वसंतात थोडे दिवस बाहेर पडतो, मादी शोधत. ऊन असेल तरच. तीन वर्षं झाली, मी जाते. आमच्या इथल्या किडे बघणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी पाहिलाय. मलाच तेवढा नाही दिसला."

"मग यंदा?"

"सोमवारी जायचंय, फेलुवेला. तुम्ही येणार ना?"

तिची लेक रेवा चिकन टाकून मध्येच म्हणाली, "काकू, she literally dreams about it." आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घराचा कारभार आहे. संजय हसला. म्हणाला, "वहिनी, तो कोळी दिसला ना, तर ही मला सोडून त्याच्याबरोबर जाईल."

सगळे हसले. मी पण हसले. आणि तिथल्या तिथे, आमटीत भात कालवता कालवता मी ठरवलं, की हा कोळी मला दिसला पाहिजे. तिच्या आधी. एवढी एक गोष्ट घेऊन मी कराडला परत जाणार होते, म्हणजे ग्रुपवर तो फोटो माझ्याकडून पडेल आणि सासूबाई चष्मा वर करून माझ्याकडे बघतील. वय काय, विचार काय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

स्त्राब्रेख्तचा माळ

शनिवारी सरावाला म्हणून जवळच्या माळावर नेलं. इथे माळाला हाइडे म्हणतात. आपल्या माळावर कुसळी गवत, इथे गुडघ्याएवढी हेदरची झुडपं. ती ऑगस्टात जांभळी होतात म्हणे. मे महिन्यात नुसती तपकिरी, आमच्या खटाव-माणच्या उन्हाळ्याची आठवण यावी अशी. मध्ये पांढरी वाळू, कडेला पाइनची झाडं, एखादं उथळ तळं. मेंढ्यांचा कळप होता आणि मेंढपाळही. मृणालने सांगितलं की मेंढ्या चरल्या नाहीत तर माळाचं जंगल होईल, म्हणून त्या मुद्दाम आणतात आणि मेंढपाळाला त्याचा पगार मिळतो. आपल्याकडे माळावर मेंढ्या घुसल्या की दोन गावं भांडतात. एवढासा तो देश, भात-ज्वारी पिकवायला जागा नाही, आणि माळ मात्र माळच राहावा म्हणून इतका आटापिटा. मला त्यांच्या माळाचा सुद्धा हेवा वाटला, हे आधीच सांगून टाकते.

गाडीतून उतरल्यावर मृणालने लांब मोजे पुढे केले. "सलवार मोज्यात खोचा, वहिनी. इथे गोचीड असते."

"गोचीड गुरांना होते," मी म्हटलं.

"इथे माणसांना पण होते."

मी काही खोचली नाही. चार परक्या माणसांसमोर सलवार मोज्यात खोचून बँडवाल्यासारखं चालायचं म्हणजे काय. ग्रुपमध्ये तशी पाच-सहा माणसं होती, सगळी मोज्यात पँट खोचलेली. त्यांचा म्होरक्या हेंक, शाळेतला निवृत्त गणिताचा मास्तर, सत्तरीचा, उंच, पाठीत वाकलेला. मृणाल त्याला सरळ "हेंक" म्हणून हाक मारत होती. मी सर म्हणायला गेले तर तो मागे वळून बघायला लागला, आणखी कोण आलंय म्हणून.

मृणाल त्यांच्याशी डचमध्ये बोलत होती. घशातून खर्र खर्र आवाज काढून, हात हलवून, हसत. ते तिचं ऐकत होते. एकाने झुडपावरून काहीतरी डबीत घेतलं आणि पहिल्यांदा तिच्यापुढे धरलं. तिने बघितलं आणि शांतपणे मान हलवली. "वेइट इक निट," असं काहीतरी म्हणाली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"माहीत नाही म्हटलं."

मला बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती तिला, पण तिला काही वाटलं नाही, आणि त्या माणसालाही वाटलं नाही. दोघं मिळून डबी फिरवत बसले. त्यांची एक रीत आहे. नाव आधी घ्यायचं नाही. आधी काय दिसतं ते सांगायचं. पाय कसे, डोळे किती, रंग कुठे. मग वाटलं तर नाव, आणि खात्री नसेल तर नोंदीत तसंच लिहायचं, खात्री नाही म्हणून. मी तीस-बत्तीस पोरांच्या वर्गापुढे जन्म घालवला आहे. तिथे बाई "माहीत नाही" म्हणाल्या की संपलं, मागच्या बाकावरून शिट्टी येते. त्यामुळे मला विचारलं की उत्तर येतंच. बरोबर असो की चूक.

पहिलं उत्तर बरोबर आलं. वाळूवरून एक हिरवागार भुंगेरा भर्रकन उडाला आणि चार हातांवर बसला. टायगर बीटल. आपल्याकडे नदीकाठी असतात, मी पोरांना कृष्णेवर नेऊन दाखवले आहेत. मी लॅटिन नाव ठोकून दिलं. हेंकने "आह" केलं आणि माझ्याशी हात मिळवला. मी मृणालकडे पाहिलं. ती अशी खूश, जणू तिने मला घरून शिकवून आणलं होतं. तेही मला खटकलं.

मग मी सुटलेच. पिवळ्या फुलावर पिवळे-काळे पट्टे असलेलं एक काहीतरी बसलं होतं. हेंकने बोट दाखवलं आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "काय दिसतं?"

"वास्प," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. "हायमेनॉप्टेरा. डंख मारेल, लांब राहा."

 हेंक खाली वाकला आणि पुन्हा तेच म्हणाला, अगदी गोड आवाजात, "काय दिसतं?"

तेव्हा मी नीट पाहिलं. दोन पंख. दोनच. मोठ्ठे डोळे, आखूड शृंगिका. माशी होती ती, गांधीलमाशीचा वेश घेतलेली साधी फुलांवरची माशी. "माशीला पंखांची एकच जोडी" हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल. माझे कान तापले. मी मृणालकडे पाहिलं तर ती भलतीकडेच बघत होती, तळ्याकडे, फार काळजीपूर्वक. तिला पहिल्यापासून माहीत होतं. मोठ्या जावेचा पाणउतारा नको म्हणून ती गप्प राहिली होती. एखादी दुष्ट बाई असती तर बरं झालं असतं, तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. डच माणसांचं दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज, पाव. गरम काही नाही. कॉफीबरोबर बिस्कीट एक, आणि डब्याचं झाकण लगेच बंद. मृणालने माझ्याच भाजणीची थालीपीठं आणि लिंबाचं लोणचं काढलं. सगळे सरसावून बसले. त्यांना थालीपीठ माहीत होतं. ते त्याला "मृणालची भाकरी" म्हणतात. भाजणी मी भाजली, गिरणीतून दळून मी आणली, अर्धं जग ओलांडून मी वाहिली, आणि भाकरी मृणालची. मी लोणचं वाढत राहिले.

संध्याकाळी घरी गुडघ्यामागे खाज सुटली. आरशात वाकून पाहिलं तर तिळाएवढं काळं काहीतरी रुतलेलं. गोचीड. मी ती नखाने ओढायला निघाले तर मृणाल धावत आली. "हात नका लावू, डोकं आत राहतं." मला पलंगावर पालथं घातलं, बारीक चिमट्याने ती अलगद उपटली, आणि पेनाने माझ्या पायावर त्या जागेभोवती गोल काढला. "आता रोज बघायचं. लाली या गोलाच्या बाहेर गेली तर डॉक्टरकडे." मोज्यांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मी उशीत तोंड खुपसून पडले होते. बोलली असती तर मी तिला एकदाचं काहीतरी सुनावलं असतं.

फेलुवे

सोमवारी ऊन पडलं. इथे ऊन पडलं की लोकांचे चेहरे आपल्याकडे पगार झाल्यावर होतात तसे होतात. हेंक, मृणाल आणि मी, असे तिघंच. फेलुवे म्हणजे माळांचा आणि जंगलांचा मोठा टापू; त्यातल्या नेमक्या जागेचं नाव मी सांगणार नाही, कारण ते सांगायचं नाही असा त्यांचा शिरस्ता आहे. त्यांच्या नोंदींच्या ॲपवर नोंद टाकली तरी दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा लोकांना दिसत नाही, नाहीतर उचलून नेणारे येतात. आपल्याकडे दुर्मीळ काही दिसलं तर आधी गावाचं नाव सांगतात आणि मग प्राण्याचं.

या वेळी मी सलवार मोज्यात खोचली. 

पायवाट सोडताना हेंकने नियम सांगितले. पाऊल बघून टाकायचं, कारण पायाखाली मादीचं बीळ असू शकतं. दिसलं तर ओरडायचं नाही. जागेवर उभं राहायचं आणि हात वर करायचा, मग बाकीचे येतील. ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याच्या नावाने नोंद, पण फोटो हवाच. मग त्याने एक बीळ दाखवलं. रुपयाएवढं रेशमी छप्पर, वर हेदरच्या काड्या चिकटवलेल्या, सांगितल्याशिवाय जन्मात दिसलं नसतं. आतली मादी पिल्लांना स्वतःचं शरीर खायला देते आणि मरते, असं तो म्हणाला. "आई म्हणजे आई," मी मराठीत म्हटलं. मृणालने त्याला ते डचमध्ये सांगितलं आणि दोघं हसले.

मग आम्ही पांगलो. तास गेला, दोन तास गेले. मृणाल गुडघ्यांवर रांगत होती, सरळ पट्टा धरून, एका वेळी हातभर जमीन. मीही तशीच निघाले, पण माझे गुडघे तिच्याएवढे धड नाहीत. थोड्या वेळाने मी हार मानली आणि पाइनच्या झाडाखाली वाळूवर पाय पसरून बसले. डब्यातलं उरलेलं थालीपीठ काढलं. तोंडात घास होता, आणि बुटाच्या टाचेपाशी वाळूवर काहीतरी लाल हललं.

मी घास गिळला नाही. लाल, असा लाल की हातात धरवणार नाही. चार ठिपके. पायांना पांढरी कडी. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पुढचे पाय उचलून वास घेतल्यासारखं करायचा, परत निघायचा. नोंदीपुढे माझं नाव लागणार होतं. मी मोबाइल काढला. घाईघाईत पहिल्या फोटोत माझा बूट आला, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात लाल पुसट ठिपका. तरी लाल होता.

मृणाल पलीकडे होती, माझ्याकडे पाठ करून. हाक मारली असती तर ऐकू आली असती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहिते. हा आता हेदरमध्ये शिरेल. शिरला की दिसणार नाही. मग मी हात वर करीन आणि म्हणीन, अगं, आत्ता इथे होता. तिला दिसणार नाही, मला दिसला. तीन वर्षं तिची आणि एक सकाळ माझी. मी तशीच बसून राहिले. कोळी हेदरच्या दिशेने निघाला. वीतभर राहिलं असेल.

आणि मी हात वर केला. चांगुलपणाने नाही, तसा गैरसमज नको. तिने तो बघितला नाही तर तिला काय गेलं ते तिला कळणार कसं, असं मला वाटलं. मला तिचं तोंड बघायचं होतं. तिच्या माळावर, तिच्या कोळ्यापाशी, माझ्या नावापाशी, पडलेलं तोंड. एवढ्यासाठी मी हात वर केला.

ती आली. पळत नाही, पाऊल बघून बघून, पण तिचा श्वास मला लांबूनच ऐकू येत होता. मी बोटाने दाखवलं. ती पालथी पडली, तोंड वाळूला टेकवून, आणि एका हाताने माझा बूट घट्ट धरला, मी हलू नये म्हणून.  हेंकही मागे येऊन वाकून उभा राहिला.

मी कोळ्याकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते. हेव्याची कळ कशी दिसते हे मला पक्कं माहीत आहे. तोंडाच्या कोपऱ्याशी येते, हसू थोडं उशिरा पोचतं, डोळे आधी दुसरीकडे जातात. इतकी वर्षं मी ती रोज वापरली आहे, ती मला कोणाच्याही चेहऱ्यावर अंधारात ओळखता येईल. मी डोळे, तोंड, भुवया, सगळं नीट तपासलं. हेंकने शिकवलं होतं तसं, आधी काय दिसतं ते.

काही नव्हतं. ती रडत होती आणि हसत होती, आणि नाकाला वाळू लागली होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसला. तुम्हाला." आणि पुढे म्हणाली, "बरं झालं तुम्हीच शोधलात."

कोळी हेदरमध्ये गेला. ती उठली, मला मिठी मारली, आणि हेंकला माझं नाव अक्षर अक्षर करून सांगायला लागली, कारण त्याला ते नीट लिहायचं होतं. माझे फोटो बघून तो म्हणाला, हे चालणार नाहीत. तिने आपला पुढे केला. तो स्वच्छ होता, ठिपक्यांसकट. तो तिने माझ्या नोंदीला दिला आणि पहिल्यांदा पाहणारी म्हणून माझं नाव घातलं. मग तिथूनच संजयला ऑफिसात फोन लावला. ती त्याला सोडून जाण्याबद्दल तो काहीतरी विनोद करत असणार, पण ती त्याला बोलूच देत नव्हती. "अहो, आपल्या वहिनींना सापडला. बसल्या बसल्या. तीन वर्षं आम्ही रांगतोय आणि त्यांनी बसल्या बसल्या शोधला." फोन झाल्यावर तिने कराडला ग्रुपवर फोटो टाकला, आणि खाली लिहिलं: हा वहिनींनी शोधला.

सासूबाईंचं उत्तर आम्ही गाडीत बसेपर्यंत आलं. "शाबास. शेवटी मास्तरीणबाई त्या." मला हवं होतं ते शब्दशः हेच. मी ते दोनदा वाचलं.

हेंक गाडी चालवत होता. मृणाल मागे माझ्याशेजारी बसली होती, बूट काढून, मोज्यात हेदरच्या काड्या अडकलेल्या. ती मध्येच तो फोटो बघायची आणि आपल्याशीच हसायची.

"वहिनी, गप्प का? आनंद नाही झाला?"

"झाला की," मी म्हटलं.

तिचा माझ्यावर विश्वास बसला. ती परत फोटोकडे वळली, आणि मी तिच्याकडे बघत बसले. नाव माझं लागलं होतं, कौतुक माझं झालं होतं, आणि त्या गाडीत आनंद मात्र सगळा तिच्याकडे होता. असं दुसऱ्याच्या नावावर लागलेल्या गोष्टीने पोट भरून खूश होता येणं, हे मला एकदाही जमलेलं नाही. कोळ्यांचा, लॅटिनचा, डचचा, माळाचा, सगळ्याचा हेवा करून झाला होता. पण त्या दिवशी वाटला तेवढा हेवा मला तिचा आजवर कधी वाटला नव्हता.